साळवेबाईंचं विचारणं

दीड वर्ष माझं नाव गोंदिया होतं.

साळवेबाई दारात येऊन उभ्या राहायच्या. ठेंगणा बांधा, गळ्यात दोरीला बांधलेली दोन पेनं, मनगटावर पुरुषी घड्याळ. बाकांवर नजर फिरवून हाक मारायच्या, "सोनई, आत या. राहुरी, तुमी आधी रक्त देऊन या. गोंदिया, बस गं तू, तुला वेळ हाय." जो तो आपापलं गाव ऐकून उठायचा नाहीतर बसायचा. नवीन माणसाला वाटायचं, आपण दवाखान्यात आलो की एसटी स्टँडवर.

नगरजवळच्या त्या कॅन्सरच्या दवाखान्यात साळवेबाई संशोधन विभागात होत्या. तिथे औषधाच्या अभ्यासात जे पेशंट असतात त्यांचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही असा नियम. कागदावर प्रत्येकाला नंबर. मोठे डॉक्टर म्हणाले होते, नंबरानं हाक मारा. बाईंनी दोन दिवस मारली म्हणे. तिसऱ्या दिवशी त्यांना म्हणाल्या, "सर, नंबराचा बिल्ला गुरांच्या कानाला असतो," आणि गावांवर आल्या. राहुरीचे दोघं निघाले तेव्हा एक राहुरी स्टँड झाला आणि दुसरा राहुरी बाजार. देवळाली प्रवरा मात्र बाईंचं स्वतःचं गाव. तिथल्या एक आजी यायच्या, त्यांना बाई नुसतं "आमची" म्हणायच्या. "आमची, या आत."

मी इथली नाही. माझा नवरा राहुरीकडच्या साखर कारखान्यात फिटर, म्हणून आम्ही इथे खोली घेऊन राहिलो. माझ्या माहेरी जायचं तर एक रात्र रेल्वेत जाते आणि वर अर्धा दिवस. मोठ्या आतड्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, तेव्हा आमच्याजवळ इथे विचारायला कोणी नव्हतं. नागपूरला न्यायचं तर नवऱ्याचं काम सुटणार. त्यामुळे या दवाखान्यात जे मिळतंय ते हातातून जाऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण ते पुढे येईल. आधी बाई.

बाईंचं घड्याळ सात मिनिटं पुढे असायचं. "माजी वेळ चुकली तर तुमचं रक्त चुकतं," म्हणायच्या. प्रिंटरशी त्यांचं वैर होतं. तो कागद अडकवायला लागला की कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "खा, खा. पोट भरलं की सांग." पौर्णिमेला पांढरी साडी नेसून यायच्या, कारण संध्याकाळी घरी न जाता थेट विहारात जायच्या. डॉक्टरांशी आणि फोनवर बोलताना त्यांची भाषा अशी, की पुस्तक वाचतायत. फोन ठेवला की आमच्याकडे वळून, "आता तुमी बोला, काय म्हनतंय पोट?" एका बाईच्या तोंडात दोन बाया राहायच्या आणि दोघींचं चांगलं जमायचं.

मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा बसले ती संमतीच्या कागदासाठी. कागद कसला, बाड होतं. माझी शाळा सातवीत सुटलेली. छापील कागद दिसला की मी तो उलटा करून ठेवते. बाईंनी एकेक पान वाचलं, थांबून थांबून सांगितलं. औषध जुनंच, रोजच्या वापरातलं, सलाईनमधून द्यायचं. पण नेहमीच्या डोसानं माणूस बेजार होतो. मग डोस थोडा कमी केला तर रोग तेवढाच आटोक्यात राहतो का, आणि त्रास वाचतो का, हे बघायचं होतं. काही जणांना नेहमीचा डोस, काही जणांना कमी. कोणाला कोणता, हे ना डॉक्टर ठरवणार ना पेशंट. कॉम्प्युटर चिठ्ठी काढल्यासारखं काढणार.

"समजलं?"

"समजलं जी."

"काय समजलं ते सांग मला."

टेबलाच्या कडेला एक खिळा वर आला होता त्याच्याकडे बघत बसले.

"मग न्हाई समजलं. माजं सांगनं कमी पडलं. चहा घिऊ, परत बसू."

असं दोनदा झालं. दुसऱ्यांदाही त्या वैतागल्या नाहीत. तिसऱ्यांदा मी अडखळत सगळं सांगितलं आणि शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "मी नाही म्हटलं तरी चालते का जी?"

बाईंनी टेबलावर हात आपटला. मला वाटलं, संपलं. तर त्या हसत होत्या. "आता समजलं तुला. जिला न्हाई म्हनता येतं तिनंच व्हय म्हनावं. चालतं. न्हाई म्हन, तरी नेहमीचे उपचार हायेतच. घरी जा, मालकांशी बोल, उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी मी हो सांगायला गेले आणि टेबलावर शाई कुठे दिसते का बघायला लागले, अंगठा द्यायला. बाईंनी गळ्यातलं पेन काढून पुढे केलं. "सातवी म्हंजे सात वर्सं. सही कर." माझी सही लहान मुलासारखी वाकडी आली. त्यांनी त्यावर फुंकर घातली, आणि बाड कपाटात ठेवलं.

कॉम्प्युटरनं मला नेहमीचा, म्हणजे मोठा डोस काढला.

सोनईचे काका माझ्या आधीपासून त्या अभ्यासात होते. पांढरा सदरा, पिळदार मिश्या, आवाज असा की बाकावरून बोलले तर रक्त तपासणीच्या खिडकीपर्यंत जायचा. त्यांची गोष्ट त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितली होती, अभिमानानं. चिठ्ठी निघणार म्हटल्यावर हे गडी गावाकडे गेले आणि एका पुढाऱ्याचं पत्र घेऊन आले. पत्रात लिहिलं होतं, पत्रवाहक आमचे जवळचे कार्यकर्ते असून त्यांना मोठ्या डोसच्या गटात घ्यावे. बाईंनी पत्र दोनदा वाचलं म्हणे.

"काका, हे कोनाला द्यायचं?"

"तुमच्या सायबाला."

"सायेब काडत न्हाईत चिठ्ठी. कॉम्प्युटर काडतो."

"मंग त्येला दावा."

"तो कोनाच्याच पाव्हन्यातला न्हाई," बाई म्हणाल्या आणि पत्र घडी करून त्यांच्या खिशात परत घातलं. नंतर चिठ्ठी निघाली ती नेमकी मोठ्या डोसची. झालं. काकांची खात्री पटली की पत्र लागू पडलं, बाई उगीच वरवर नाही म्हणत होत्या. बाई जन्मभर सांगत राहिल्या असत्या तरी त्यांनी ऐकलं नसतं.

बाईंची नजर मात्र फार तिखट होती. आम्हाला घरी एक वही भरायची असायची. रोज संध्याकाळी: मळमळ आहे का, जुलाब आहेत का, हातापायाला मुंग्या येतात का, आहे-नाहीवर टिक करायची. राहुरी स्टँडचे एक मास्तर होते. त्यांनी वही दिली तर बाईंनी पानं उलटली आणि शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, आज बस हादरत हुती का?"

"का?"

"न्हाई, पंधरा दिवसांच्या टिका हायेत. पैल्या सरळ, मग सात-आठ अशा उड्या मारत्यात, आन् परत सरळ. तेवढाच रस्ता खराब हाय आपला."

आख्खी खोली हसली. मास्तर पण हसले. त्यांनी पुढच्या वेळी वहीवर रोजच्या संध्याकाळची वेळ टाकून आणली, शाळेच्या हजेरीसारखी.

पण टिका रोज केल्या म्हणून खऱ्या होतात असं नाही. बाकावर एक नियम तयार झाला होता आणि तो काढला होता सोनईच्या काकांनी. नवीन कोणी आलं की ते आवाज खाली करून सांगायचे, खाली म्हणजे त्यांच्या मानानं, "आत काय इच्यारलं तर बरं हाय म्हनायचं. तरास सांगितला की नाव कापत्यात. औषिध झेपत न्हाई म्हनून घरी."

मला हे कोणी दुसऱ्यांदा सांगायची गरज नव्हती. नाव कापणं मला माहीत होतं. सातवीत आई आजारी पडली, मी धाकट्या भावांना सांभाळायला घरी राहिले. दोन महिन्यांनी शाळेत गेले तर गुरुजींनी हजेरीचं पुस्तक दाखवलं, माझ्या नावावर आडवी रेघ. पुन्हा मी त्या वर्गात बसले नाही.

म्हणून चौथ्या सलाईननंतर बोटं बधिर व्हायला लागली तेव्हा मी कोणालाच सांगितलं नाही. थंड पाण्यात हात घातला की काटे टोचल्यासारखं व्हायचं. नवरा भांडी घासू लागला, त्याला म्हटलं थकवा आहे. कुंकू लावताना बोट कपाळाला लागलं की नाही कळायचं नाही. वहीत मी टिक करत राहिले, नाही, नाही, नाही.

आणि आम्ही सगळेच तसे.

एका बुधवारी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडं होतं. डॉक्टर म्हणत होते, पेशंटना औषध छान सोसतंय. बाईंचा पुस्तकी आवाज आला, "सर, हे औषध आहे की गुलकंद? मोठ्या डोसच्या एकालाही मुंग्या येत नाहीत, हे मला पटत नाही." डॉक्टर म्हणाले, "मग विचारा त्यांना." बाई म्हणाल्या, "विचारते आहे. तेच चुकतंय."

माझे हात आपोआप पदराखाली गेले.

पुढच्या बुधवारी बाई एक भरलेली पिशवी घेऊन आल्या. बाकांच्या मध्ये दोन वर्तमानपत्रं पसरली आणि पिशवी ओतली. वाळलेल्या भुईमुगाच्या शेंगा.

"भावाच्या रानातल्या हायेत. घरी पोरीचा साखरपुडा हाय, कुटाला दाने लागनार लई. मला एकटीला काय व्हईना. बसल्या बसल्या सोला जरा."

आता साळवेबाईंनी काम सांगितलं तर नाही कोण म्हणणार. सगळ्यांनी मूठ-मूठ घेतली. देवळालीच्या आजी तर मांडी घालून खालीच बसल्या. बाई हातात फायली घेऊन इकडून तिकडे जात-येत राहिल्या, कोणाकडे बघतायत असं वाटत नव्हतं.

त्या आजींचा डोस कमी. त्यांच्यापुढे टरफलांचा ढीग लागला. मास्तरांचाही बरा चालला होता. सोनईच्या काकांनी एक शेंग हातात घेतली, फिरवली, खाली ठेवली.

"काका, सोला की," बाई जाता जाता म्हणाल्या.

"ही बायांची कामं. आमी न्हाई सोलत."

शेजारी त्यांच्या काकू बसल्या होत्या. गरीब बाई, त्यांना काय ठाऊक. म्हणाल्या, "आवो घरी तर टोपलं घिऊन बसता. मला एक दाना सोलू देत न्हाई, लवकर व्हत न्हाई म्हनून."

काकांनी काकूंकडे असं बघितलं की काकूंनी तोंडाला पदर लावला. मग त्यांनी जिद्दीनं शेंग धरली आणि दाबली. शेंग निसटली. दुसरी घेतली, ती घरंगळून मास्तरांच्या बुटापाशी गेली. मास्तर वाकून ती परत द्यायला लागले, तर काका म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, किडकी हाय."

माझं काय चाललं होतं ते सांगते. मला शेंग बोटात आहे की नाही हे बघितल्याशिवाय कळत नव्हतं. मी तोंड भिंतीकडे केलं, दातानं शेंग फोडली, दाणे पदरात घेतले. तीन-चार अशा फोडल्या. मान वर केली तर बाई दारात उभ्या.

"गोंदिया, आत ये."

आत त्यांनी दार लावलं. वही उघडली नाही. पेन काढलं नाही. स्टूल ओढून माझ्या इतक्या जवळ बसल्या की गुडघ्याला गुडघा लागला.

"दातानं का फोडतीस?"

"बरं आहे जी."

"मी ते इच्यारलंच न्हाई."

मी दोन्ही हात पदरात गुंडाळले. बाहेर काका काकूंवर चिडलेले ऐकू येत होते. बाईंना घाई नव्हती. इतका वेळ माझ्यासाठी कोणी थांबलं नव्हतं, गुरुजी तर नाहीच. शेवटी मीच म्हणाले, "नाव नका कापू जी. आम्हाला इथे कोणी नाही."

बाईंचा चेहरा बदलला. रागावल्या नाहीत. चूक सापडल्यावर माणूस जसं बघतं तसं बघितलं, पण माझ्याकडे नाही.

"कोन म्हनलं नाव कापत्यात?"

मी काकांचं नाव सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, आवाज येतच होता.

"आगं, हे मी पैल्या दिवशी सांगायला पायजे हुतं. आख्खं बाड वाचलं आन् तेवढंच तोंडानं सांगायचं ऱ्हायलं. तरास सांगितला म्हनून कोनाला हाकलत न्हाईत. डॉक्टर डोस कमी करत्यात, न्हाईतर थोडं थांबत्यात. तुजं नाव हाय तिथंच ऱ्हातं. उपचार तर ऱ्हातोच ऱ्हातो."

मग माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "आता नीट ऐक. कमी डोसवाल्यांना तरास कमी व्हतो का, हे बघायचंय ना आपल्याला? मोठ्या डोसवाले तुमी समदे बरं हाय म्हनला, तर कागद काय म्हनल? मोठ्या डोसानं काय व्हत न्हाई, द्या समद्यांना मोठाच. उद्या तुज्यासारखी एखादी येईल, तिच्या बोटाला मुंग्या येतील, आन् ते आपल्याला आधीच ठाव असूनशान आपन लपवलं असं व्हईल. काय समजलं ते सांग."

या वेळी मी पहिल्याच खेपेला सांगितलं. सगळं. थंड पाणी, कुंकू, भांडी, कोणत्या दिवसापासून. बाई लिहीत गेल्या. मधे एकदाच थांबल्या, पेन झटकलं, आणि म्हणाल्या, "हळू. कुंकवाचं परत सांग."

नंतर बाई बाहेर गेल्या आणि शेंगांच्या मध्ये उभं राहून सगळ्यांना तेच सांगितलं, आणि चूक आपली आहे असं सांगितलं. दवाखान्यात चूक आपली आहे असं म्हणताना मी दुसऱ्या कोणाला ऐकलेलं नाही. काका मिशीवरून हात फिरवत ऐकत होते.

"आन् ते पत्र दिऊन मोठा डोस घेतलेला," ते म्हणाले, "आता झेपत न्हाई म्हनलं तर गावात काय तोंड दावू?"

"पत्र तुमच्या खिशातच हुतं, काका."

"खरंच न्हाई दावलं तुमी त्येला?"

"कॉम्प्युटरला वाचता येत न्हाई मराटी अक्षर."

काका बराच वेळ हसले. मग सदऱ्याचं वरचं बटण दाखवून म्हणाले, "हे महिना झाला हीच लावती. मला लागत न्हाई." काकू म्हणाल्या, "मला म्हनले मान दुखती."

त्या दुपारी आत जायला रांग लागली. आठवड्याभरात माझा डोस कमी झाला. काकांचाही. बोटं लगेच सुधारली नाहीत, महिने गेले; अजून हिवाळ्यात सकाळी थोडं होतं. पण हजेरीत माझं नाव होतं तिथेच राहिलं. नवऱ्याला मी घरी येऊन सगळं सांगितलं तेव्हा तो भांडी घासत होता. म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर निदान गरम पाणी तरी दिलं असतं."

काकांनी बाकावरचा जुना नियम मोडून नवा काढला: काही म्हणजे काही लपवायचं नाही. त्यानं बाईंचं काम वाढलं. काकांच्या वहीत टिकांशेजारी मजकूर यायला लागला. 'पाव्हणे आले, जागरण.' 'सुनेने आमटीत मीठ जास्त टाकले, जीव घाबरला.' बाई एकेक वाचून विचारायच्या, "हे औषधानं झालं का आमटीनं?" काका विचार करून म्हणायचे, "लिवून ठेवा. पुढं कोनाला कामाला यील."

त्यांनीच एकदा बाईंना कोंडीत पकडलं. "बाई, त्या साखरपुड्याचं काय झालं? पत्रिका न्हाई आली." तेव्हा आम्हाला कळलं की साळवेबाईंना मुलगीच नाही. दोन मुलगे, आणि दोघंही लग्नाचं नाव काढत नव्हते.

"आमाला खरं बोला म्हनता आन् सोता लबाडी?"

"ती पन लिवून ठेवलीय फायलीत," बाई म्हणाल्या. "माज्या सहीनं." आम्ही हसलो. पण मी त्यांना ओळखत होते, खरंच लिहिली असेल.

माझं औषध संपलं. मग तीन-तीन महिन्यांनी तपासणी. रिपोर्ट चांगले येत गेले. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी माझी अभ्यासातली शेवटची भेट होती, आणि बाईंचा नोकरीतला शेवटचा महिना. मी घरून मोहाच्या फुलांचे लाडू करून नेले होते, माहेरहून फुलं आली होती म्हणून. खोलीचं दार लोटलेलं होतं, काचेतून आत दिसत होतं. मी बाहेरच थांबले.

आत बाईंच्या खुर्चीवर नवीन मुलगी बसली होती, समोर लॅपटॉप. बाईंची जागा घेणारी. आणि बाई पेशंटच्या स्टुलावर. गळ्यातली पेनं काढून ठेवलेली. खांदे आत घेतलेले, मान खाली, दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. टेबलाच्या कडेकडे बघत होत्या. ती मुलगी विचारत होती, "मावशी, काही त्रास?"

"बरं आहे जी," साळवेबाई म्हणाल्या. बारीक आवाज. लांबून आलेल्या, कोणी नसलेल्या बाईचा.

मुलीनं लॅपटॉपवर टिक केली. पुढचा प्रश्न विचारला. बरं आहे जी. आणखी एक टिक. बाई तशाच बसून राहिल्या, हलल्या नाहीत, हसल्या नाहीत. इतक्या मन लावून की मला दारातून माझीच पाठ दिसत होती.

मग मुलीचे हात थांबले. तिनं लॅपटॉप बाजूला सरकवला. खुर्ची ओढून जवळ आली. पदराकडे बघत म्हणाली, "मावशी, हात दाखवा जरा."

बाईंनी हात आणखी आत ओढले.

मुलगी गोंधळली. "मॅडम, आता तर दाखवायला पाहिजे ना?"

"न्हाई," बाई आपल्या आवाजात म्हणाल्या, मान खालीच ठेवून. "ती इतक्या लवकर न्हाई दाखवत. थांब जरा तिच्यासाठी."

मुलगी थांबली. मी लाडवांचा डबा बाहेरच्या बाकावर ठेवला, झाकणावर 'गोंदिया' लिहिलेली चिठ्ठी होतीच, आणि आवाज न करता जिना उतरले.